ज्याची मोड येत नाही

गेल्या पावसाळ्यातल्या एका दुपारी मी कोल्हापूरच्या गुजरी या सराफी पेठेत आमच्या नेहमीच्या सोनारांकडे, अण्णांकडे, गेले होते. भाचीने केलेली पोर्सिलीनची, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीची, दोन लहान बेलपाने रुमालात गुंडाळून नेली होती आणि कानात घालता यावीत म्हणून त्यांना चांदीच्या कड्या व आकडे बसवून हवे होते. अण्णांनी रुमाल उलगडला, पाने उजेडाकडे धरून पाहिली आणि आयुष्यभराच्या सवयीने ती काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवली. आकडा स्थिरावला, त्यांनी पावतीपुस्तक पुढे ओढले, पेन टेकवले आणि ते थांबले. "ताई, याचं वजन लिहून काय करू? याला मोड येत नाही," असे ते अगदी सरळपणे म्हणाले, पाने काट्यावरून उचलली आणि पावतीवर फक्त चांदीचे वजन व मजुरी लिहिली. मोड म्हणजे दागिना मोडून विकताना हाती येणारी किंमत. त्यांच्या बोलण्यात हिणवण्याचा अंशही नव्हता. उलट भिंग लावून त्यांनी पानांची भोके तपासली, कडांवरून बोट फिरवले आणि काम स्वच्छ आहे असेही सांगितले. तरीही महाद्वार रोडच्या गर्दीतून वाट काढत घरी परतताना ते वाक्य माझ्या मनातून जाईना. अण्णा म्हणाले ते खरे होते, आणि त्या खरेपणामुळेच ते टोचत होते.

कोल्हापुरात वाढलेल्या मुलीला दागिन्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. तोळा, कस, घट, मजुरी हे सगळे बायकांच्या दुपारच्या गप्पांतून आपोआप कानावर पडते. दागिना करताना घडणावळ द्यायची आणि मोडताना ती सोडून द्यायची, हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यात काही हातचे जाते आहे असे कोणाला वाटतही नाही. माझ्या आजीचा साज असाच गेला. साजाची पाने पातळ पत्र्याची, ठशावर उठवलेली आणि आत लाख भरलेली असतात, त्यामुळे तो मोडताना लाखेचे वजन आधी वजा होते. आत्याच्या लग्नात आजीचा साज मोडला, त्याच्या पाटल्या झाल्या, आणि पुढे कोणाच्या तरी आजारपणात त्या पाटल्याही गेल्या. ही हकिकत सांगताना आजीच्या स्वरात खंत नसे. साज वेळेला उभा राहिला याचे समाधान असे. मी मात्र तो साज फक्त एका फोटोत पाहिला आहे. स्टुडिओतल्या खुर्चीवर ताठ बसलेली आजी, आणि तिच्या गळ्यात चंद्र, मासा आणि कारल्याच्या आकाराच्या पानांच्या अस्पष्ट कडा. ज्या कारागिराने तो मासा ठशावर उठवला आणि ज्या पटवेकऱ्याने ती पाने ओवली, त्यांच्या हातांचे काहीही मागे उरलेले नाही. सोने कुठल्या तरी अनोळखी बाईच्या मनगटावर आज असेलही.

भाची राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत काम करते. चिनीमाती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी येते, जाड, पिवळसर, तपकिरी गळ्याची. तिच्या टेबलावरची माती निराळीच असते. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या खनिजांचे हे तयार मिश्रण प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ट्रान्सपोर्टने येते, ओले असताना फिकट राखाडी दिसते आणि वाळत जाते तसे पांढरे होत जाते. हाताला ते पहिल्यांदा लागले तेव्हा त्याचा गारवा आणि गुळगुळीतपणा इतका अनपेक्षित होता की मी बोटे एकमेकांवर घासतच राहिले. कुंभाराची लाल माती हाताचे ऐकते, ओढली तशी ओढली जाते. ही माती ओढून घेत नाही. जरा घाई केली की कडेला बारीक चीर जाते, जरा पाणी जास्त झाले की बसकण मारते. भाची ती लाटण्याने लाटते, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, म्हणजे पान सगळीकडे सारखे राहते. मग पात्याने आकार कापायचा, ओल्या ब्रशने कड मऊ करायची, भोक पाडायचे आणि सावकाश, झाकून वाळवायचे. सुकलेले तुकडे ती कोरडे घासत नाही, कारण त्या भुकटीतली सिलिका फुफ्फुसाला अपाय करते. ओल्या स्पंजने पुसते आणि तरीही तोंडावर मास्क बांधते. कोल्हापूरचा पावसाळा या कामाला एका परीने मानवतो, कारण आषाढातल्या दमट हवेत पाने घाईने सुकत नाहीत आणि चिरा कमी पडतात.

"मावशी, ही माती विसरत नाही," असे तिने मला एकदा सांगितले. एक पट्टी तिच्या हातून उचलताना वाकली होती, तिने ती फरशीवर ठेवून अलगद सरळ केली, वाळल्यावर ती सपाटच दिसत होती, आणि भट्टीतून बाहेर आली ती नेमकी त्याच जागी वाकून. मातीचे कण चपटे असतात, लाटताना ते एका दिशेला बसतात, आणि एकदा वाकवल्यावर त्यांची ती बसण्याची तऱ्हा वरून सरळ केल्याने पुरती मोडत नाही; भट्टीत सगळे आक्रसू लागले की ती उघडी पडते. मला हे ऐकून थोडी भीती वाटली, हे खरे. सोन्यात चूक झाली तर ते पुन्हा मुशीत जाते आणि निर्मळ होऊन बाहेर येते. इथे बोटाचा नकळत पडलेला दाबसुद्धा नोंदला जातो.

भट्टी दोनदा लागते. पहिली साधारण १००० अंश सेल्सिअसला, जिच्यानंतर तुकडा खडूसारखा कोरडा आणि सच्छिद्र होतो. मग त्यावर ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या थराचा, पातळ लेप द्यायचा आणि दुसरी भट्टी १२५० अंशांच्या पुढे न्यायची. या दुसऱ्या भट्टीत फेल्डस्पार वितळून काच होतो, त्या काचेत म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात, आणि माती दगडाहून घट्ट होते; पान पातळ असेल तर त्यातून उजेडही झिरपतो. या तापमानाला तुकडा मऊ पडलेला असतो, आधार नसेल तर आपल्याच भाराने वाकतो. ग्लेझ जिथे टेकेल तिथे चिकटते, म्हणून मणी जाड तारेवर अधांतरी ओवून ठेवावे लागतात आणि पानांची मागची बाजू कोरी ठेवून नंतर पाण्याखाली हिऱ्याच्या पॅडने घासावी लागते. भट्टी बंद झाली तरी दार लगेच उघडता येत नाही. रात्रभर ती आपोआप थंड व्हावी लागते, आणि भाची सकाळी चहा घेण्याआधी गच्चीवर जाते. कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो, दार उघडल्यावर तो गर्द निळा झालेला असतो. हे कितीही वेळा पाहिले तरी मला तिच्याबरोबर जिना चढावासा वाटतो.

या साऱ्यात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि तिने मला अण्णांच्या काट्याकडे पुन्हा वळवले. सोने १०६४ अंशांना वितळते. म्हणजे ज्या उष्णतेत पोर्सिलीन स्वतःच्या रूपाला येते, त्या उष्णतेत सोन्याचा प्रत्येक दागिना केव्हाच पाणी होऊन गेलेला असतो. म्हणूनच पोर्सिलीनवर सोन्याची रेघ ओढायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, तिसऱ्या आणि पुष्कळ सौम्य भट्टीत ओढावी लागते. आणि ही माती युरोपात होऊ लागली तीच मुळी सोन्याच्या हव्यासापोटी. चीनमध्ये, जिंगदेझेनच्या भट्ट्यांत, ती शतकानुशतके होत होती. युरोपातले राजे तिच्यासाठी वेडे झाले होते आणि ती कशी करतात हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. योहान फ्रिडरिश ब्यॉटगर नावाच्या तरुणाने आपल्याला हलक्या धातूचे सोने करता येते अशी आवई उठवली, तेव्हा सॅक्सनीचा अधिपती असलेल्या ऑगस्टस राजाने त्याला पकडून पहाऱ्यात ठेवले. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या विद्वानाच्या हाताखाली राबताना १७०८ मध्ये त्याच्या मुशीतून पोर्सिलीन निघाले, १७१० मध्ये माइसेनला कारखाना उभा राहिला, आणि ब्यॉटगर मात्र १७१९ मध्ये, चाळिशीही न गाठता, गेला. याच राजाने १७१७ मध्ये चिनी पोर्सिलीनच्या १५१ नगांच्या बदल्यात प्रशियाला आपले ६०० सैनिक देऊन टाकले. त्या माणसांचे पुढे काय झाले असेल या विचाराने त्या देखण्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांचे फोटो मला निवांतपणे पाहवत नाहीत. मातीची किंमत सोन्याच्या वर गेली की तीही माणसांच्या जिवावर उठते, हे त्या व्यवहाराने दाखवून दिले आहे, आणि म्हणून मातीच्या दागिन्याला साधेपणाचे किंवा निरागसतेचे प्रमाणपत्र द्यायला मी तयार नाही.

आपल्याकडे माती वेगळ्या कारणाने जवळची आहे. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून श्रावणात चालत जावे, तर दारादारांत शाडूचे गणपती सुकत असतात, ओल्या मातीचा तो जड वास गल्ली संपेपर्यंत साथ करतो. ती माती विरघळण्यासाठीच घडवलेली असते. दहा-अकरा दिवसांत ती पाण्यात परत जाणार हे घडवणाऱ्यालाही ठाऊक असते आणि पूजणाऱ्यालाही. म्हणजे आमच्या गावाला दागिना ठाऊक आहे तो वितळून परत येणारा, आणि माती ठाऊक आहे ती विरघळून परत जाणारी. या दोन्ही सवयींत पोर्सिलीन बसत नाही. ते वितळवून विकता येत नाही आणि भिजवून पुन्हा मळताही येत नाही.

हे मला पुस्तकातून समजले नव्हते, पुरात समजले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा भाचीची खोली रमणमळ्याच्या बाजूला, तळमजल्यावर होती. गणपती तोंडावर आले होते आणि कुंभारांच्या घरांतही पाणी गेले होते. महिनोन्महिने खपून केलेल्या मूर्ती जागच्या जागी चिखल झाल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही तिची खोली उघडली. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ, फरशीवर घोटाभर गाळ, आणि नाकात बसणारा तो कुजका, गोडसर वास. फळ्यांवर वाळत ठेवलेले सगळे कच्चे दागिने गेले होते. त्यांच्या जागी पांढुरक्या चिखलाचे ओघळ होते. भाची काही बोलत नव्हती. मग गाळ उपसताना फावड्याला बारीक आवाज झाला, आणि तिने हात घालून एक कर्णफूल बाहेर काढले, मग मणी, मग एक निळी चकती. भाजलेले सगळे शाबूत होते. बादलीतल्या पाण्यात बुचकळून काढले की प्रत्येक तुकडा पहिल्यासारखा पांढरा होऊन हातात येत होता, डाग नाही, ओरखडा नाही. कपाटातल्या चांदीच्या तारा तेवढ्या काळ्या पडल्या होत्या. ती रडली ती त्या वेळी, नुकसान पाहून न रडलेली मुलगी शाबूत राहिलेले पाहून रडली. मीही तिच्या शेजारी गाळात बसले.

पुढे कधीतरी आम्ही दोघी टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेलो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा पॉसायडन पाहायला लोक येतात, आणि तो आहेच पाहण्याजोगा. पंचगंगेच्या काठावर रोमन काळातला ग्रीक समुद्रदेव येतो हीच केवढी गोष्ट आहे. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी त्या टेकडीवर जे उत्खनन केले त्यातून सातवाहन काळातले घरगुती जगही वर आले, खापरे, मणी, बांगड्यांचे तुकडे. भाची त्या समुद्रदेवापाशी रेंगाळली नाही. तिला मणी कसे टोचले होते, भोक सरळ गेले होते की दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये जुळवले होते, हे पाहायचे होते. कोणा बाईच्या गळ्यातून तुटून ओसरीवर सांडलेला मणी, त्या काळी बहुधा शोधण्याच्या लायकीचाही न वाटलेला, दोन हजार वर्षांच्या पुरांखालून पुन्हा बाहेर निघतो. तिच्या घरातले सोने मात्र तेव्हाच वितळून पुढच्या कोणाचे तरी झाले असणार.

एवढे सगळे असूनही अण्णांचा काटा मला खोटा म्हणवत नाही. दागिना ही आपल्या बायकांची हाताशी असलेली एकमेव पुंजी होती आणि कित्येक घरांत आजही आहे. शेतीचा उतारा नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, बँकेचे पासबुक कपाटात कुलूपबंद. अंगावरचे चार तोळे तेवढे तिचे. अशा बाईला घडणावळीचे सौंदर्य समजावून सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. आजीला मातीचा साज मिळाला असता तर आत्याच्या लग्नात तिने काय केले असते? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि भाचीकडेही नाही. प्रदर्शनात तिच्या टेबलापाशी उभी राहून बायका जेव्हा "मातीचं, आणि एवढं?" असे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात हीच पिढ्यांची जाण बोलत असते. भाची निमूटपणे पान त्यांच्या तळहातावर ठेवते. पोर्सिलीन सोन्याच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकेच जड असते, तळहाताला ते प्रथम गार लागते आणि मग हळूहळू अंगाची ऊब घेते. काही बायका पान परत ठेवतात. काही जणी ते कानाशी धरून आरशात पाहतात, आणि मग किमतीचे बोलणे बदलते.

वजनाविना मोल येते कुठून, या प्रश्नाशी मी बराच काळ घुटमळले. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने १७८७ मध्ये जॅस्परची एक लहान चकती काढली. जॅस्पर म्हणजे पोर्सिलीनच्या नात्यातलीच एक दाट, बारीक कणांची माती. पांढऱ्या जमिनीवर काळ्या मातीची आकृती, बेड्यांत जखडलेला, गुडघ्यावर बसलेला गुलाम, आणि भोवती त्याचा प्रश्न, मी माणूस नव्हे काय, मी तुमचा भाऊ नव्हे काय. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या मंडळींसाठी या चकत्या केल्या गेल्या. पुरुषांनी त्या सोन्यात कोंदून तपकिरीच्या डब्यांवर बसवल्या, बायकांनी हातातल्या कड्यांत आणि केसांच्या काट्यांत घातल्या, आणि काही काळ त्या अंगावर असणे ही जाहीर भूमिका झाली. त्या चकतीला बाजारात मोड आली नसती. ती घालणाऱ्या बाईला ते ठाऊक होते, आणि तरी सोन्याचे कोंदण या मातीभोवती आले, मातीने सोन्याला मागितले नव्हते. ऑगस्टसच्या सहाशे सैनिकांनंतर सत्तर वर्षांनी त्याच जातीच्या मातीने माणसांच्या बाजूने साक्ष दिली, हे मला फार मोलाचे वाटते.

गिऱ्हाइके सोनेरी कड मागतात आणि भाची ती काढून देते, कारण भट्टीचे वीजबिल तिला भरायचे असते. मला ती कड आवडत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले आहे. पांढऱ्याला दागिना म्हणवून घेण्यासाठी सोन्याची शिफारस लागू नये. यावर ती वाद घालत नाही. माझ्यासाठी केलेल्या वस्तूंवर कड ओढत नाही, एवढेच.

सध्या तिने साज करायला घेतला आहे. पूर्ण २१ पानांचा, दशावतार, अष्टमंगल आणि बाकी सगळे धरून, गळ्यात घालण्याजोगा, पोर्सिलीनचा. एका जुन्या कारागिराने तिला साजाचे काही पितळी ठसे वापरायला दिले, आणि पहिला प्रयोग केल्यावर लक्षात आले की ठशातून निघालेले पान भट्टीत १२ ते १५ टक्क्यांनी आक्रसते. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्हीकडून ते घटत असल्याने आकारमानाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त जातो. सोन्यासाठी खोदलेला मासा मातीत इतका लहान होतो की त्याचे खवले ग्लेझखाली बुजतात. म्हणून आता ती मेणात मोठे ठसे स्वतः कोरते आहे, भोकेही मोठी पाडते आहे, कारण तीही आक्रसतात आणि मग दोरा जात नाही. कासव पहिल्या भट्टीतच नीट आले. नागाचा फणा दोनदा वाकला, तेव्हा तिने त्याची मान जाड केली आणि भट्टीत त्याच्या पाठीशी मातीचीच टेकण लावली. भुंग्याचे पंख सुरेख जमले आहेत, उजेडात धरले तर खरोखर आरपार दिसतात. पाने एकमेकांवर आदळून कडा उडू नयेत म्हणून मधे सोन्याच्या मण्यांऐवजी रेशमाच्या गाठी घालायचे ठरले आहे आणि ते काम एका पटवेकऱ्यांनी अंगावर घेतले आहे. त्यांना पानांचे वजन किती हे जाणून घ्यायचे होते, दोरा किती पदरी घ्यावा यासाठी. राहिला आहे तो ताईत. तो फुगीर हवा आणि हलकाही हवा, म्हणून आतून पोकळ करावा लागेल, आणि पोकळ तुकडा पुरता बंद केला तर आतली हवा आणि वाफ त्याला भट्टीत फोडू शकते. त्यासाठी टाचणीएवढे एक छिद्र ठेवावेच लागते. ते मागच्या बाजूला, अंगाला लागेल असे ठेवावे असे तिचे म्हणणे आहे. मला वाटते ते खाली, दिसेल असे असावे.